सिमरचा आवाज

"तासभर फक्त उभं राहायचंय," चपला शोधता शोधता बायको म्हणाली. "ढवळायचं नाही, चाखायचं नाही, मीठ तर अजिबात घालायचं नाही. उतू जातंय असं वाटलं तर बटण एक घर खाली करायचं. जमेल ना?"

"म्हणजे सिमर करायचं," कोशकार म्हणाले.

"तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. फक्त शेगडीपाशी उभे राहा."

कोशकारांना याहून सुखाचं काम कोणी सांगितलंच नसतं. चार वर्षं ते स्वयंपाकातल्या इंग्रजी शब्दांचा कोश करत होते, आणि आज सकाळपासून त्यांची गाडी नेमकी याच शब्दापाशी अडली होती. अर्थाची अडचण नव्हती. अर्थ एक: उकळीच्या जरा अलीकडे, मंद आचेवर शिजत ठेवणे. अर्थ दोन: राग वगैरे आतल्या आत धुमसत राहणे. घोडं पेंड खात होतं ते व्युत्पत्तीपाशी. मोठमोठे कोश सांगत होते की हा शब्द जुन्या 'सिंपर'वरून आला आणि तो बहुधा भांड्यातून येणाऱ्या आवाजावरून तयार झाला असावा, जशी आपली रटरट किंवा खदखद. त्या 'बहुधा'वर कोशकारांचं समाधान होत नव्हतं.

स्वतः करून पाहिल्याशिवाय शब्द कोशात घ्यायचा नाही, ही त्यांची पद्धत. 'व्हिस्क'च्या वेळी अंडी फेटून फेटून त्यांचं मनगट सुजलं होतं. 'टोस्ट'चा नेमका रंग ठरवताना घरातला सगळा पाव संपला, आणि 'ग्रिल'नंतर भुवया परत यायला दीड महिना लागला. "तुम्ही इथवर जिवंत पोचलात हेच खूप," असं मुख्य संपादकबाई म्हणायच्या, आणि त्यात चेष्टा कमी आणि काळजी जास्त असायची.

पातेल्यातलं सूप मात्र प्रयोगासाठी नव्हतं. बायको सहा वर्षं घरच्या ओट्यावर लोकांचे डबे करत होती. आता एका मोठ्या कचेरीला आपलं कॅन्टीन कोणाकडे तरी सोपवायचं होतं आणि शेवटच्या दोघांत तिचा नंबर लागला होता. कॅन्टीनचं बघणारे साहेब आज साडेबारा वाजता घरी येऊन चव घेणार होते. दुसऱ्या उमेदवाराकडे ते कालच जाऊन आले होते. स्वतःचं मोठं स्वयंपाकघर असावं म्हणून ती किती वर्षं झुरत होती ते कोशकारांनी पाहिलं होतं, आणि हे काम तिलाच मिळावं असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. सुक्या वाटाण्याचं सूप शेगडीवर चढवून ती बेकरीतून ताजा पाव आणायला निघाली. येताना साहेबांनाही बसच्या थांब्यावरून सोबत घेऊन येणार होती.

दार लागलं. कोशकारांनी झाकण जरासं उचललं आणि कान पुढे केला. काहीतरी ऐकू येत होतं खरं, पण ते सूप होतं की भिंतीतला पंखा, ते कळेना. त्यांनी पंखा बंद केला. मग घड्याळाची टिकटिक मध्ये येऊ लागली, तेव्हा खुर्चीवर चढून त्याचा सेल काढला. नळ गळत होता. त्याच्या तोंडाला फडकं बांधलं. एवढं झाल्यावर उरला फ्रिज. तो मेला असा घुरघुरत होता की जणू त्यालाच व्युत्पत्ती सांगायची होती. त्याचा प्लग कपाटामागे, आणि कपाट हलवणं या वयात कमरेला परवडणारं नव्हतं. कोशकारांनी क्षणभर विचार केला आणि दारामागचा मेन स्विच खाली ओढला.

कशी छान शांतता झाली. आता फक्त वही, पेन्सिल आणि चष्मा आणायचा. वही उशीखाली निघाली, पेन्सिल वहीत होती; चष्म्याने मात्र दहा-पंधरा मिनिटं खाल्ली. सगळी जुळवाजुळव करून ते शेगडीसमोर स्टूल ठेवून बसले आणि त्यांनी श्वास रोखून धरला.

आवाज नव्हता.

त्यांनी झाकण लावून ऐकलं, काढून ऐकलं. पातेल्याला कान टेकवून ऐकलं, तेव्हा एक आवाज झाला, पण तो त्यांचा स्वतःचा होता. लाल झालेला कान चोळत त्यांनी झाकण नीट बसवलं आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की आपल्या हाती फार मोठी गोष्ट लागली आहे. इतकी वर्षं इतके विद्वान एकमेकांचं बघून लिहीत आले आणि एकानेही पातेल्यासमोर बसायची तसदी घेतली नाही. त्यांनी संपादकबाईंना फोन लावला.

"बाई, गंभीर बाब आहे. सिमरला आवाज नसतो."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. अर्धा तास होऊन गेला असेल मी पातेल्यासमोर बसलोय. नक्की सांगता येत नाही, घड्याळ बंद केलंय."

"घड्याळ कशाला बंद केलंत?"

"टिकटिक होत होती. पंखा बंद, फ्रिज बंद. म्हणजे मेन स्विचच बंद केलाय. एवढी शांतता तुमच्या ग्रंथालयातसुद्धा मिळायची नाही."



"तुमच्याकडे गॅसची शेगडी आहे ना?" बाईंनी विचारलं.

"छे हो, आमची विजे..."

कोशकारांनी वाक्य पुरं केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पुढचा शब्द सापडेना.

"मी 'बहुधा' तसंच ठेवते," बाई मायेने म्हणाल्या. "तुम्ही आधी स्विच वर करा."

कोशकार धावले. स्विच वर झाला, फ्रिज घुरघुरला, आणि त्याच क्षणी दारात बायको उभी राहिली. एका हातात पाव आणि मागे हसतमुख साहेब. "या ना, बसा," म्हणत तिने साहेबांना बाहेरच्या खोलीत बसवलं, आत आली, पातेल्याला हात लावला आणि हात तसाच ठेवला. भाजत नव्हतं.

"काय केलंत?" तिने हळू आवाजात विचारलं.

"ऐकत होतो."

"काय?"

"सूप."

तिने हातातला पाव ओट्यावर ठेवला. अर्थ क्रमांक दोन कोशकारांच्या समोर साक्षात उभा होता, आणि त्याला खरोखरच आवाज नव्हता. मग तिचे डोळे भरून आले. कोशकारांना इतकी लाज वाटली की तो सगळा कोश 'ए'पासून नळाखाली धरावासा वाटला.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तुझ्या सहा वर्षांची माती केली मी. बाहेर जाऊन साहेबांना खरं काय ते सांगू?"

"तुम्ही कोणाला काही सांगू नका," तिने डोळे पुसून बटण फिरवलं. "पाव कापा."

दहा मिनिटांत पातेलं तापलं, आणि कडेकडेने एक बारीक, समाधानी रटरट सुरू झाली. कोशकारांना ती अगदी स्वच्छ ऐकू आली. खिशातल्या पेन्सिलीकडे जाणारा हात त्यांनी मोठ्या कष्टाने सुरीवर आणला.

साहेबांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि त्यांचं हसू मावळलं. दुसरा घातला. बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. साहेबांनी न बोलता वाडगा संपवला आणि पुढे केला.

"अजून आहे?"

दुसरा वाडगा अर्ध्यावर आल्यावर ते बोलायला लागले. "कालही हेच होतं, वाटाण्याचं सूप. पण पाणी वर, वाटाणा खाली, दोघांची ओळखच नाही. हे कसं एकजीव झालंय. काय करता काय तुम्ही?"

बायकोला खोटं बोलायची सवय नव्हती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"अर्धवट शिजलं की शेगडी बंद करतो," ती सावकाश म्हणाली. "झाकण लावून तसंच राहू देतो, बराच वेळ. मग पुन्हा मंद आचेवर."

"तेच म्हटलं. आजकाल एवढा धीर कोणाला आहे?" साहेबांनी बॅगेतून कागद काढले. "कॅन्टीन तुमचं. पण चव हीच पाहिजे, रोज. मी तसं लिहूनच घेतो. हे बंद करायचं काम कोण बघतं?"

"हे," बायकोने बोट दाखवलं.

"मग रोज अकरा वाजता हे आमच्याकडे हजर पाहिजेत. बंद करायची वेळ दुसऱ्या कोणाला साधायची नाही." साहेबांनी पेन उघडलं. "यांचं पद काय लिहू?"

कोशकारांनी घसा साफ केला. त्यांच्या डोक्यात तीन पर्याय तयार होते, त्यातला एक संस्कृत होता.

"मदतनीस," बायको म्हणाली, आणि साहेबांच्या वाडग्यात आणखी एक पळी वाढली.