दोन्हीकडे माया सोडलेली सायकल

मास्टरांनी आजवर कुणालाही आखूड पँट शिवून दिली नव्हती, आणि या गोष्टीचा त्यांना रास्त अभिमान होता! शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. मास्टरांची माया अफाट. एका पैलवानाच्या जुन्या पँटीतली माया उसवली, तर त्यात त्याच्या पोराची अख्खी चड्डी निघाली, असं लोक सांगतात. खरंखोटं देव जाणे!

तर मंडळी, वर्षानुवर्षं मशीनवर वाकून अशा या मास्टरांच्या पाठीचं धनुष्य झालं. साधी सायकल झेपेना. मग त्यांनी पडून चालवायची सायकल घेतली. पुढे दोन चाकं, मागे एक, मध्ये आरामखुर्ची आणि पॅडल पार पुढे, पायांच्या टोकाशी. मास्टरीणबाईंनी ती पाहिली आणि जागच्या जागी बारसं उरकलं.

"आता पलंग घेऊन रस्त्यावर फिरणार का?"

पलंग सपाट रस्त्यावर मजेत चालायचा. घोडं अडलं ते लेकीच्या लग्नावर. तिने मुलगा पसंत केला होता. त्याची आई मात्र डॉक्टरीणबाई, करड्या शिस्तीच्या. "आधी माणसं बघू, मग ठरवू," एवढंच बोलल्या होत्या. रविवारी पाचला चहाला बोलावणं आलं. घर होतं टेकडीवर, उभ्या चढाच्या टोकाला.

"बाबा, त्यांना उशीर अजिबात चालत नाही," लेक काकुळतीला आली. "आमच्याबरोबर बसनेच चला ना. माझ्यासाठी!"

"तुझ्यासाठीच तर पलंगावरून येतोय! शिंपी म्हणजे बसून बसून मुरंबा झालेला माणूस, असं त्यांना वाटायला नको. तुझा बाप काय चीज आहे ते बघू दे की!"

लेकीने आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं.

मास्टर तडक सायकलवाल्याकडे गेले. पडून चालवताना पॅडलवर उभं राहून जोर देता येत नाही, तेव्हा चढाला हलका गिअर हवाच, हे त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. चुकलं ते पुढे!

"हा सेट घ्या," सायकलवाला म्हणाला. "तुमच्या चढाला पुरून उरेल."

"याहून हलका?"

"आहे. पण तो बिऱ्हाड लादून डोंगर चढणाऱ्यांसाठी."

"तोच द्या! आणि उताराला याहून जड?"

"मास्टर, तुम्हाला जायचंय तरी कुठे?"

"विहिणीकडे."

"असं होय!" सायकलवाल्याने निमूटपणे सगळ्यात मोठी चकती काढली. "पण सांगून ठेवतो. हलक्या गिअरला मागे ही परातीएवढी चकती आणि पुढे ही वाटीएवढी असली, की पाय भिंगरीसारखे फिरतील आणि गाडी बसेल तिथेच."

"कमी पडलं तर रडावं लागतं. जास्त झालं तर दुमडता येतं!"

"गिअर कसा दुमडणार? बरं, चेन सैल राहतेय. चार कड्या कापतो."

"खबरदार कात्री लावाल तर!" मास्टर ओरडले. "राहू द्या माया. पुढेमागे वाढवावी लागली तर?"

"अहो, चेन काय जाडी होणार आहे?"

पण मास्टरांपुढे बोलणार कोण!

इथवर झाला पूर्वरंग. आता ऐका रविवारची कथा!

मायलेकी बसने निघाल्या, मास्टर पलंगावर. चढाच्या पायथ्याशी त्यांनी सगळ्यात हलका गिअर टाकला. अहाहा! पाय कसे लोण्यातून फिरावेत तसे फिरले. मास्टर खूश! पण रस्त्याकडेचा विजेचा खांब काही मागे सरकेना. त्यांनी पाय आणखी जोरात फिरवले. खांब तिथेच! काठी टेकत एक आजोबा आले, पुढे गेले, दमले, टेकले आणि पुन्हा पुढे गेले.

"जरा जड टाकावा," मास्टर पुटपुटले आणि त्यांनी खटका ओढला. मायेने लोंबणारी ती लांबलचक चेन कडकड वाजली आणि होती तिथेच रुतून बसली. खटका वर करा, खाली करा, देवाची शपथ घाला, दुसरा गिअर पडेचना! आता हलका तेवढा एकच!

मास्टर श्रद्धाळू माणूस. त्यांनी डोळे मिटले, चेहऱ्यावर रुमाल टाकला, कारण ऊन होतं, आणि पायांच्या तालावर देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

आता तुम्हीच सांगा! रस्त्यात एक माणूस आडवा, तोंडावर रुमाल, ओठांवर देवाचं नाव, दोन्ही पाय तडातडा उडताहेत आणि गाडी जागची हलत नाही. बघणाऱ्याने काय समजावं?

"अहो, धावा! झटके येताहेत याला!"

"पाय धरा, पाय!"

चार दणकट हातांनी पाय धरले. मास्टरांनी रुमाल फेकला. "सोडा! मी चढतोय!"

"बडबडतोय बिचारा," भाजीची पिशवी घेतलेल्या बाई कळवळल्या आणि त्यांनी एक कांदा फोडून मास्टरांच्या नाकाशी दाबला. मास्टरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"रडतोय हो! मुलंबाळं आठवली असतील!"

"मला पाच वाजता पोचायचंय!" मास्टर कांद्याआडून ओरडले.

"पोचवतो ना, काका! वरती डॉक्टरीणबाई आहेत. स्ट्रेचर तर तुमचा तुमच्यापाशीच आहे!"

आणि चेन एका बाजूला काढून सात-आठ जणांनी पलंग असा ढकलला, असा ढकलला, की जो चढ मास्टरांना तासभर पुरला असता, तो चुटकीसरशी सरला!

डॉक्टरीणबाईंनी घरातच असलेल्या दवाखान्याचं दार उघडलं. मास्टर बोलायला गेले, तोच तोंडात थर्मामीटर.

"एक शब्द नाही!"

"उं उं..."

"झटक्यांनंतर असंच होतं. पडून राहा!"

तेवढ्यात बाहेरची घंटा वाजली. मायलेकी आल्या होत्या. लेकीचा चेहरा उतरलेला. वाटेत बाबा कुठे दिसले नव्हते!

"या, बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आलेच मी. आत एक पेशंट आहे. बिचारा रस्त्यात पलंगासकट सापडला."

मास्टरीणबाई अर्ध्या बसलेल्या उठल्या.

"पलंगासकट?"

"हो ना! नातेवाइकांचा पत्ता नाही."

मास्टरीणबाईंनी आत डोकावून पाहिलं. मास्टरांनी थर्मामीटरसकट नमस्कार केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "पत्ता आहे. आमचेच आहेत हे."

लेकीने तोंडावर पदर घेतला. संपलं सगळं! डॉक्टरीणबाईंनी सगळी हकिगत ऐकली, गिअर ऐकला, चेन ऐकली. चेहऱ्यावरची सुरकुती हलेना. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"पाचला पाच मिनिटं कमी असताना आलात. वर इतका वेळ एका शब्दाने माझं म्हणणं खोडलं नाहीत. आमच्याकडे असं कुणी नाही!" आणि खळखळून हसत त्या म्हणाल्या, "चहा घ्या, व्याहीबुवा! सून पसंत आहे आम्हाला."

लग्न थाटात झालं. चेनच्या चार कड्याही कापून झाल्या. पण तो हलका गिअर मास्टरांनी काही काढू दिला नाही! ते दर रविवारी त्याच गिअरवर लेकीकडे जातात. लोकांनी पुन्हा घोळ घालू नये, म्हणून विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने पाटी लिहून खुर्चीच्या मागे लावली आहे : 'चालक ठणठणीत आहे. पाय धरू नयेत.'

परवाच्या रविवारी एक आजीबाई मागून चालत आल्या. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि एकेक अक्षर लावत पाटी वाचली. वाचून झाली तरी मास्टर समोरच होते. मग आजीबाईंनी पलंगाला वळसा घातला, मास्टरांकडे वाकून पाहिलं आणि मायेने विचारलं,

"ठणठणीत आहेस ना रे बाबा? मग उतरून चाल की!"