निळ्या तुकड्यातली रेघ

एका जंगलात, बाळांनो, झाडं थोडी आणि खाती फार होती. हसू नका, तुमच्याकडेही असतील.

तिथे गुंजाबाई नावाची मधमाशी राहायची. एके दिवशी सकाळीच अस्वलाने तिचं पोळं फोडलं. राणीसकट सगळं बिऱ्हाड करवंदीच्या जाळीला लटकलं. गुंजाबाईने डोंगरापलीकडे जांभळाची एक ढोली शोधून काढली. पण पावसाआधी तिथे पोहोचायला हवं होतं, नाहीतर राणी गारठून मेली असती.

बिऱ्हाड हलवायचं तर दिशेचा दाखला लागे. तो देणार दिशा खात्याचे गवासाहेब.

"ढगात सूर्य दिसत नाही. दिशा कळणार कशी?" साहेबांनी विचारलं.

"ढगांमधून दिसणारा तो आभाळाचा निळा तुकडा बघा ना, साहेब. सूर्याचा उजेड येताना सगळ्या अंगांनी थरथरतो. हवेच्या कणांवर आपटून विखुरला, की त्याची बरीचशी थरथर एकाच रेघेत होते. ती रेघ आभाळात जागोजागी वेगळी तिरकी असते. तिच्यावरून ढगामागचा सूर्य आम्हाला कळतो."

साहेबांनी मान वर केली. "मला तर नुसतं निळं दिसतंय."

"आम्हा माश्यांना दिसतं हो!" आणि गुंजाबाईने माश्यांच्या रीतीप्रमाणे नाचून ढोलीची वाट दाखवली.

"कचेरीत नाचायचं नाही. लेखी द्या."

मग समिती नेमली. घुबडाने डोळे मिटून पाहणी केली. चिचुंद्रीने आभाळाचा वास घेतला. वटवाघळाला आभाळ पायांखाली आढळलं, तेवढाच काय तो मतभेद. अहवाल आला: आभाळात रेघ नाही. अर्जदाराने डोळे तपासून उद्या यावं.

"उद्यापर्यंत राणी राहील का, साहेब?" गुंजाबाई कडाडली आणि सरळ उडाली. मागोमाग सगळं बिऱ्हाड निघालं. निळा तुकडा आक्रसत पळसाच्या पानाएवढा उरला. तिने त्याच्यावरची नजर हलवली नाही. सगळे ढोलीत शिरले आणि पाऊस कोसळला. राणी कोरडी होती. गुंजाबाईला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी खारूताई ढोलीच्या दारात खात्याचं पत्र घेऊन आली. त्यात लिहिलं होतं: "दाखल्याविना निघालेलं बिऱ्हाड कुठेही पोहोचू शकत नाही. सबब आपण सर्व बेपत्ता आहात."

"मिळाल्याची सही करा," खारूताई म्हणाली.

गुंजाबाईने केली.

तात्पर्य: बाळांनो, विनापरवाना घरी पोहोचण्यापेक्षा रीतसर हरवलेलं बरं.