गेनूआप्पांची चार माणसं

गेनूआप्पांचा दुखरा दात तोंडातच राहिला आणि शेजारचा धडधाकट दात उपटला गेला, कारण मतं तशी पडली.

मी तेव्हा रिहे गावात नवा मास्तर होतो. शाळा मारुतीच्या देवळात भरायची आणि देवळासमोरच आप्पांचं घर, त्यामुळे ओळख लवकर झाली. पौडच्या बाजारात दात काढणारा एक जण बसायचा. त्याच्यापुढे आप्पा गाल सुजवून बसले. त्यानं विचारलं, "कंचा दुखतोय?" आप्पांनी दाताला बोट लावायचं सोडून मागं वळून पाहिलं. "जरा थांबा. चार मान्सं काय म्हनत्यात ते बघू."

चार माणसं म्हणजे बरोबर आलेले शिवा न्हावी, पाटील, बिरा धनगर आणि मी. शिवानं वाकून पाहिलं आणि रोज लोकांची तोंडं हाताळणाऱ्याच्या अधिकारानं सांगितलं, "ह्यो, म्होरला." पाटलांनी पाहिलं न पाहिलं केलं आणि म्हणाले, "व्हय, ह्योच." बिरा म्हाताऱ्याला हातभर अंतरावरचं धड दिसत नव्हतं, पण दोघांच्या बोलण्यात मोडता कशाला घाला म्हणून त्यानंही मान हलवली. मी म्हणालो, "अहो, ज्याचा दात त्याला विचारा ना."

आप्पांनी वासलेलं तोंड मिटलं आणि मला समजावलं, "मला इचारून काय उपेग गुरुजी? मी एकटा."

परतीच्या वाटेवर गाल धरून ते म्हणाले, "दुखतुया त्यो आतच ऱ्हायला वाटतं. पन चुकलं तर चौघांचं चुकलं." हे वाक्य ते इतक्या समाधानानं म्हणत, की ऐकणाऱ्यालाही एखादा दात काढून घ्यावासा वाटे.

त्यांचं सगळंच असं. घर बांधताना दोघांनी दार उगवतीला सांगितलं, दोघांनी मावळतीला. म्हणून त्या घराला समोरासमोर दोन दारं होती आणि आत दिवा म्हणून टिकत नसे. आप्पांची बायको सखूकाकी एकदा मला म्हणाल्या, "आमटीला मीठ हाय का न्हाई, ह्ये इचारायला बी मान्सं आत बोलावली त्यांनी. आमटी सरली, मिठाचं काय ठरलं न्हाई."

दाताच्या त्या दिवसानंतर मला चौघांत कधी धरलं नाही, चौथा मिळेल तो असे. त्या चौघांचीही एक गंमत होती. शिवाला त्याच्या स्वतःच्या घरात कोणी काही विचारत नसे. पण आप्पांच्या ओसरीवर चौघांत बसला की तो आधी खाकरायचा, मग डोळे बारीक करायचा, मग बोलायचा. आणि पहिला जे बोलेल तेच बाकीचे तिघं आपापल्या शब्दांत बोलायचे. बैल घ्यायचा का, केस कापायचे का, आज अंघोळ गरम पाण्यानं करावी का गार, सगळे निकाल असेच लागत.

एका वर्षी लावणीच्या दिवसांत आप्पांची पुतणी रखमी तापानं पडली. आप्पांचा धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत होता आणि त्याची बायको-मुलगी आप्पांच्याच घरी राहत. रखमी माझ्या पहिलीच्या वर्गातली. त्या सकाळी तिनं डोळे फिरवले. सखूकाकी लांबच्या खाचरात लावणीला गेल्या होत्या. घरी थांबलेली रखमीची आई रडायला लागली आणि आप्पांनी सवयीनं चार माणसं बोलावली.

पण गाव सगळं चिखलात. तिघंच जमले. पोर आत फणफणतेय आणि हे तिघं ओसरीवर चौथ्याची वाट बघतायत. शेवटी कासार आंबोलीचा एक बांगडीवाला वाटेनं चालला होता, त्याला ओझं उतरवायला लावून चौथा म्हणून बसवलं.

शिवा खाकरला. "वारं लागलं आसंल. सांजच्याला उतरंल. थांबू."

"पावसात पोर भिजवन्यापरीस थांबल्यालं बरं," पाटील म्हणाले.

"थांबू," बिरा म्हणाला.

बांगडीवाल्यानं तिघांची तोंडं पाहिली. "चौघं म्हनत्यात तर थांबावं," तो म्हणाला. चौथा आपणच आहोत हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

रडणं ऐकून मी वर्ग सोडून आप्पांच्या दारात आलो होतो. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर आप्पा उठून आत गेले. रखमीला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतली आणि मावळतीच्या दारानं बाहेर पडले.

पाटील म्हणाले, "आप्पा, थांबायचं ठरलं न्हवं?"

"तुमी थांबा," आप्पा म्हणाले. मागं वळलेसुद्धा नाहीत.

ओसरीवरचे चौघं एकमेकांकडे बघत राहिले, तोवर आप्पा बांधावर पोचले. रखमीची आई तेवढी धावत निघाली, तिच्या मागं मी. मग आप्पांना परत आणायला शिवा उठला. शिवाला परत आणायला पाटील उठले. एकटं बसून काय करायचं म्हणून बिरा उठला आणि त्याला आधार द्यायला बांगडीवाला. ही रांग बांधावरून चाललेली पाहून खाचरातली माणसं चिखलाच्या हातांनी वर आली. काय झालंय हे कुणी विचारेना. इतके चाललेत म्हणजे जायलाच हवं. ओढा ओलांडेपर्यंत सगळं गाव पौडच्या बाजूचं झालं होतं. शिवानं कुणाचं तरी इरलं घेऊन रखमीवर धरलं होतं आणि पाटील मागून म्हणत होते, "पाय उचला, म्या आधीपास्नं सांगतुया."

पौडच्या दवाखान्यातले डॉक्टर बाहेर आले आणि ती गर्दी बघून एक पाऊल मागं सरले. "आजारी कोण आहे यातलं?" त्यांनी विचारलं.

इंजेक्शन झालं, औषध झालं. दुपार कलताना रखमीनं डोळे उघडून आईला हाक मारली. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलीत. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं."

"चौघांनी ठरवलं, डाक्टर," पाटील म्हणाले. शिवानं आणि बिरानं माना हलवल्या. बांगडीवाल्यानंही हलवली.

"व्हय," आप्पा म्हणाले, "चौघांनीच."

सगळे खाटेभोवती जमले तेव्हा आप्पा तिथं नव्हते. मी शोधत गेलो, तर दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसलेले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले. मी शेजारी टेकलो.

"गुरुजी, आमाला एक पोरगी व्हती. बायडी. तुमी यायच्या लई आधी." ते समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होते. "अशीच लावनी व्हती. अशीच तापली. सखू म्हनली, पौडला न्या. म्या म्हनलो, थांब, येवढं खाचर हुंदे, सांजच्याला निऊ. कुनाला इचारलं न्हाई. माजं म्याच ठरवलं. दुपारीच गेली."

त्यांनी हात बाहेर काढले. "म्होरं जाऊन सखूला सांगा, पोर बरी हाय म्हनून. आन् तिला एकटीला येवढंबी सांगा, चौघांनी न्हाई, म्या नेली. माज्या तोंडून न्हाई व्हायचं."

मी पुढे निघालो. सखूकाकी ओढ्यावर हातपाय धूत होत्या. पोर बरी आहे हे ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. मग मी आप्पांचा निरोप सांगितला.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. पायाचा चिखल निघाला होता तरी त्या पाय चोळत राहिल्या. "खाचरातनं बघितलं म्या त्यांना, बांधावरनं जाताना. तवा म्हागं कुनीबी न्हवतं."