बोर्ड पाहण्याचा कार्यक्रम

श्रीशैल गच्चीवर उभा राहून फोनवर बोलत होता आणि खाली अंगणात त्याचे वडील अण्णाराव दाढी करता करता थांबले होते.

"लातूरचा देखणा हाय रे विनोद," श्रीशैल म्हणत होता, "पण जरा जोर दिला की तापतो. नांदेडचा सावळा हाय, दिसायला काहीच न्हाई. पण थंड! कितीबी ताण दे, चौघांचा भार एकटा उचलतो. मला इचारशील तर नांदेडचाच करावा."

अण्णारावांच्या गालावरचा साबण वाळून गेला. दोन वर्षांपासून ते अंजूसाठी स्थळं बघत होते. अख्ख्या उदगीरला त्याची काळजी होती. नव्हती ती फक्त अंजूच्या या सख्ख्या भावाला. आणि आज पोरगं आपणहून दोन-दोन मुलं हेरून बसलं होतं. अण्णारावांना गहिवरून आलं. गहिवरल्या माणसाने दाढी करू नये, म्हणून त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

श्रीशैलच्या डोक्यात मात्र मदरबोर्ड होता. तो लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचा. त्याच्या कॉम्प्युटरमधला चार कोअरचा प्रोसेसर इतका थकला होता, की लग्नाची फिल्म तयार होईपर्यंत नवरा-नवरीचं पहिलं भांडण होऊन माहेरपणही आटोपलेलं असे. नवा प्रोसेसर परवडत नव्हता. मग लातूरला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या विनोदने त्याला मार्ग दाखवला: आहे तोच प्रोसेसर ठरल्या वेगापेक्षा जोरात पळवायचा. ओव्हरक्लॉकिंग. फक्त त्याला तसं पळू देणारा आणि पळताना लागणारी वीज न तापता पुरवणारा बोर्ड हवा.

तेव्हापासून श्रीशैल जमिनीवर नव्हता. जेवताना, अंघोळीत, ग्राहकाशी बोलताना त्याच्या डोळ्यांपुढे बोर्डांचे फोटो तरंगत. त्याला त्यात एक गाव दिसे. माहूरच्या गडावरून खाली पाहावं तसं. बारीक सोनेरी रस्ते, पाण्याच्या टाक्यांसारखे गोल कपॅसिटर, आणि मधोमध एक रिकामा चौक, प्रोसेसरची वाट बघणारा. त्या गावात सगळे वेळेवर पोचत असत.

"नांदेडचा पक्का का रे मग?" अण्णारावांनी रात्री पानावर बसल्यावर हळूच विचारलं.

"हं," श्रीशैल भाताकडे बघून हसला. "बघितल्याबिगर मन मानत न्हाई, अप्पा."

"खरं हाय. बघायलाच पाहिजे."

अप्पांना आपल्या बोर्डाचं इतकं अगत्य वाटावं, या विचाराने श्रीशैलच्याही डोळ्यांत पाणी आलं. बापलेक एकमेकांकडे मायेने बघत, दोन वेगवेगळ्या गोष्टींवर एकमत होऊन उठले.

दुसऱ्या दिवशी अण्णारावांनी मुलाच्या मोबाइलमधून नंबर काढून नांदेडला फोन लावला. पलीकडे महामायाताई होत्या. त्यांचं जुन्या-नव्या कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान होतं, हे अण्णारावांना कोण सांगणार?

"श्रीशैलचा वडील बोलतो. त्यानं तुमच्याकडचा बघून ठेवलाय म्हणं."

"हाव हाव! रोज फोन अस्तो त्याचा. या की बघायला."

"आम्ही घरचे सगळे येतो."

महामायाताईंनी दुकानातली स्टुलं मोजली. "या. जागा लहान हाय, पण या."

"राग मानू नका, एक इचारतो. आधी कुठं होता?"

"एका प्राध्यापकाकडं. दोन वर्सं होता. मग त्येंनी नवा आणला, म्हणून हा आमच्याकडं आला."

अण्णाराव खाटेवर बसले. "न... नवा आणला? ह्याच्यात काय खोट होती?"

"खोट कशाची? एकदाबी बंद पडला न्हाई बिचारा. लोकान्ला नवं लागतं, दुसरं काय."

अण्णारावांनी ही हकिकत बायकोला, शरणम्माला, दार लावून सांगितली. शरणम्माने कपाळाला हात लावला.

"म्हंजे प्राध्यापकाच्या घरी घरजावई व्हता? अन् त्येंनी दुसरा जावई आणला? अगं बाई, काय जग हाय!"

"पोराची चूक न्हाई म्हणतेत."

"असलं बिजवर आपल्या अंजूला?"

"श्रीशैलनं हुडकलाय. जल्मात पहिल्यांदा पोरानं घरासाठी कायतरी हुडकलंय. न बघता नको कसं म्हणू?"

शरणम्माने मन हलकं करायला देवणीच्या सिंधुआत्याला फोन केला, आणि कुणाला सांगू नका असं बजावलं. संध्याकाळपर्यंत निलंग्याहूनही विचारणा आली.

राहता राहिली अंजू. तिने रक्त-लघवी तपासणीचा कोर्स केला होता आणि नांदेडच्या एका लॅबमधून तिला भेटायला बोलावणं आलं होतं. लग्नाआधी मुलगी परगावी राहायची नाही, असं अण्णारावांनी आठवड्यापूर्वीच ठणकावलं होतं. तेव्हापासून ती घरात मोजकं बोलत होती. आता अण्णारावांनी तिला सगळं सांगितलं: सावळा आहे, थंड आहे, चौघांचा भार उचलतो, आधी प्राध्यापकाकडे होता. अंजूने वडिलांकडे पाहिलं. मग कोपऱ्यात मोबाइलमध्ये हरवलेल्या भावाकडे पाहिलं.

"कधी जायचं?" तिने विचारलं.

"सोमवारी."

"चलते मी."

इतक्या लवकर हो म्हणाली, म्हणून शरणम्माला रडूच आलं.

सोमवारी भाड्याच्या गाडीतून सगळे निघाले. जळकोट मागे पडलं तरी धुकं विरलं नव्हतं. रस्त्याकडेची तूर त्यात पिवळी पिवळी तरंगत होती. नारळ आणि पेढे मांडीवर घेऊन शरणम्मा बसली होती. श्रीशैल काचेला डोकं टेकून त्या सोनेरी रस्त्यांच्या गावात कधीच पोचला होता.

दुकान पाहून अण्णाराव चपापले. पण मुलाचा धंदा असेल, असं समजून आत शिरले. महामायाताईंनी स्टुलं मांडली, चहा सांगितला आणि चंदेरी पिशवीतून काहीतरी काढून वर्तमानपत्रावर ठेवलं.

"हा बघा."

श्रीशैलने श्वास रोखला. अण्णाराव बोर्डाकडे बघून दुकानाच्या मागच्या पडद्याकडे बघू लागले.

"अन् पोरगा?"

"कोणता पोरगा?"

"सावळा. प्राध्यापकाकडचा."

"त्योच की ह्यो," महामायाताई म्हणाल्या.

शरणम्माने नारळ पदराखाली घेतला. अण्णारावांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा, मग कसलाच राहिला नाही.

"अप्पा, मी जरा येते," असं म्हणून अंजू बाहेर पडली. कुणाचं लक्षच नव्हतं.

श्रीशैलला यातलं काही उमगलं नव्हतं. तो बोर्ड उलटसुलट करत पुटपुटला, "लातूरच्याला लाइटं हायत पण. रंगीत. काय करावं, अप्पा?"

अण्णारावांनी कपबशी खाली ठेवली. इतक्या लांब येऊन, चहा पिऊन, नकार देऊन जाणं त्यांच्या घराण्यात नव्हतं.

"लाइटं काय चाटायचेत? थंड हाय, बंद पडत न्हाई, ताण सोसतो. अजून काय पाहिजे माणसाला? घे म्हणतो ना!"

शरणम्माने पुढे केलेला पेढा महामायाताईंनी उचलला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला; निदान पेढे तरी वाया गेले नाहीत.

अंजू परतली ती गाडी निघता निघता. हातात लॅबच्या नावाची पिशवी होती.

"पहिल्या तारखेपासून या म्हणले," ती म्हणाली. "राहायची सोय लॅबच्या मॅडमच्या शेजारी, त्यांच्या सासूबाईजवळ."

अण्णाराव तिच्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं? बोर्ड हाय म्हणून?"

"हाव."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही कुठं इचारलं? नांदेडला चल म्हणले, चलले."

रागवायचं म्हणून अण्णारावांनी तोंड उघडलं; पण आज सकाळपासूनच्या शहाणपणाचा हिशोब लावल्यावर त्यांना ते मिटावं लागलं. गाडी बरीच पुढे गेली. धुकं विरलं होतं. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सासूबाई कडक हायत का?"

"लई."

"मग ठीक हाय."

तेवढ्यात देवणीहून सिंधुआत्याचा फोन आला. आवाज सगळ्या गाडीत घुमला.

"ठरलं का रे, अण्णा?"

अण्णारावांनी एकदा अंजूकडे पाहिलं.

"ठरलं. पोरगी नांदेडला चालली."

"अगं बाई! अन् पोरगा काय करतो?"

"पोराचं मागून बघू, अक्का," अण्णाराव म्हणाले. "आधी पोरगी तर पोचू दे."