रुखमाबाईंचं विलायती घर

मुखरूभाऊंनी त्या पांढऱ्या गाडीभोवती आणखी एक फेरी मारली आणि ते पुन्हा दारापाशी येऊन थांबले. ट्रकवरून गाडी उतरवून बराच वेळ झाला होता. सिंदेवाहीजवळचं ते अख्खं गाव त्यांच्या अंगणात लोटलं होतं, पण देवळात बोलावं तसं प्रत्येकजण हळू बोलत होता.

"का शोधून राह्यले जी?" रुखमाबाईंनी विचारलं.

"स्टेरिंग."

"आत असन."

"आत पाहून आलो. पलंग हाये, शेगडी हाये, आरसा हाये, संडास हाये. स्टेरिंग नाई."

रुखमाबाईंनी पदर सावरून गाडीखाली डोकावून पाहिलं. "मंग इंजिन?"

मुखरूभाऊ पुढच्या फेरीला निघाले.

मुखरूभाऊंची सगळी नोकरी गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात, भट्टीवर झाली. निवृत्त झाल्यावर गावी यायचं आणि बायकोला घेऊन जग बघायचं, एवढा एकच बेत त्यांनी सगळी वर्षं जपला होता. अडचण रुखमाबाईंची होती. त्यांना परक्या छपराखाली झोप येत नसे. सख्ख्या बहिणीच्या लग्नातूनही त्या शेवटच्या गाडीने घरी परतल्या होत्या. तेव्हा मुखरूभाऊंनी सरळ विचार केला, की ही घर सोडत नसेल तर घरच सोबत न्यावं.

नागपूरचा पुतण्या अश्वजित म्हणाला होता, "काका, इथी एक कारखाना हाये. लहान बसवर मस्त घर बांधून देतात. पंखा, कूलर, सारं काई."

"नकली घरात तुह्या काकूले झोप येनार हाये का?" मुखरूभाऊंनी त्याला गप्प केलं. "ज्यायनं हे फिरतं घर काढलं, त्यायच्याकडूनच आणीन."

लेक मयुरी इंग्लंडात नोकरीला होती. तिने फोटो पाठवले: खिडकीला फुलाफुलांचे पडदे, आत मऊ गाद्या. ही गाडी दुसऱ्या गाडीने ओढायची असते, हे तिकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणून मयुरीने सांगितलं नाही. इकडे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मुखरूभाऊंनी विचारलं नाही. समुद्र ओलांडून, बंदरातले सगळे सोपस्कार उरकून गाडी अशी निमूट अंगणात येऊन उभी राहिली होती.

पण गाव तिच्यावर खूश होतं. मुखरूभाऊंच्या शेजाऱ्याने, झिंगूने, तिच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि तो हात बराच वेळ पाहत राहिला. बायांनी तिला हळदकुंकू लावलं. आतल्या नळाला पाणी आलं तेव्हा तर सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.

ही ओढायची गाडी आहे हे मयुरीच्या फोनवरून कळलं, पण ओढायची कशाने? मार्ग जंगूने काढला. जंगू कारखान्यातला जुना सोबती. आता वैनगंगेपल्याड, गडचिरोलीच्या जंगलात आपल्या गावी धानाची शेती करायचा. तो ट्रॅक्टर घेऊन आला, गाडीला डोळे भरून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, ओढाचीच हाये ना? मंग पयले माह्या गावाले न्या. माह्या बायकोनं असं घर कुठी पाह्यलं?"

विलायती गाडीचा दांडा ट्रॅक्टरच्या हुकात बसेना. मग सिंदेवाहीच्या वेल्डरकडून हुकावर पोलादी गोळा बसवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वरात निघाली. जंगू ट्रॅक्टरवर, मुखरूभाऊ त्याच्या शेजारी मडगार्डवर, आणि रुखमाबाई मागे आपल्या घरात. चालत्या गाडीत बसू नये असं मयुरीने फोनवर बजावलं होतं. रुखमाबाईंनी ऐकून घेतलं आणि खिडकीपाशी बसून तांदूळ निवडायला घेतले.

वैनगंगेच्या पुलावर जंगूने आपणहून वेग कमी केला. खाली वाळू, वाळूत निळं पाणी, आणि खिडकीच्या काचेला नाक लावून रुखमाबाई. "थांबवा जरा," त्या ओरडल्या. पुलावर थांबता येत नाही असं मुखरूभाऊंनी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मंग हळू तरी न्या. एवढी नदी मी कधी पाह्यली नाई."

पलीकडच्या एका गावात ट्रॅक्टर पाण्यासाठी थांबला आणि घोटाळा झाला. पांढरीशुभ्र गाडी, तिला दार, दारात पायरी. एक म्हातारी काठी टेकत आत चढली, गादीवर बसली आणि तिने रुखमाबाईंपुढे जीभ काढली.

"मी डाक्टर नाई, बाई," रुखमाबाई म्हणाल्या.

"मंग मोठा डाक्टर कुठी हाये?"

"डाक्टरच नाई. हे आमचं घर हाये."

म्हातारीने छताकडे, पडद्यांकडे, चकचकीत नळाकडे पाहिलं. "घर," ती हळूच म्हणाली, आणि उठायचं विसरली. तोवर बाहेर रांग लागली होती. दवाखाना नाही म्हटलं तर रांगेला पटेना. शेवटी रुखमाबाईंनी शेगडीवर पातेलं चढवलं आणि आलेल्या प्रत्येकाला चहा दिला. लोक तो औषधासारखा गंभीरपणे प्याले. निघताना म्हातारीने कंबर चाचपली. "जरासा फरक वाटून राह्यला," ती म्हणाली.

जंगूच्या गावी पोचेपर्यंत उन्हं कलली होती. गाडी घरालगतच्या शेतात उभी केली. एप्रिलचे दिवस, हवा तापलेल्या तव्यासारखी. जंगूची बायको बुधरी दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली, आणि कुणाशी काही न बोलता शेजारणींना बोलवायला गेली.

मुखरूभाऊ मात्र आत जाऊन लगेच घाम पुसत बाहेर आले. आयुष्यभर भट्टीवर उभा राहिलेला माणूस, पण त्या उकाड्यापुढे त्यांनीही हात टेकले. त्यांनी मयुरीला फोन लावला.

"पंख्याचं बटन कुठी हाये व माय?"

"पंखा नसतो बाबा. हीटर आहे. इकडे बर्फ पडतो ना, आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून भिंती जाड केलेल्या असतात."

ऊब अजिबात बाहेर जात नव्हती. बुधरीने हे बरोबर हेरलं. "बाई, तुमच्या घरात मोहफुलं ठेवू का? एका राती खडखडीत सुकतीन." रुखमाबाईंना नाही म्हणवेना. मोहाच्या दोन टोपल्या विलायती गाद्यांवर विराजमान झाल्या, आणि घराची मालकीण जंगूच्या घराच्या स्लॅबवर, उघड्या आभाळाखाली चटईवर आडवी झाली. "झोप तर येनार नाई," त्या म्हणाल्या, "पडून राह्यतो." मुखरूभाऊंना बायकोकडे तोंड वर करून बघायची हिंमत झाली नाही.

उजाडता उजाडता जंगूने त्यांच्या खांद्याला हात लावला. रुखमाबाई गाढ झोपल्या होत्या.

"एनी," जंगू गोंडीत पुटपुटला. मग पाहुण्यांसाठी म्हणाला, "हत्ती. बोलू नका. हलू नका."

हत्ती त्या भागात आल्याचं ऐकलं होतं, पण ते दूर असल्याची खबर होती. मोहाच्या वासाने त्यांना दूर वाटलं नसावं. धूसर उजेडात आधी झाडंच चालत आल्यासारखी वाटली. पाच-सहा काळे डोंगर, आणि त्यांच्या पायांत एक पिल्लू. एवढ्या मोठ्या देहांचा पायरव मात्र मुळीच नव्हता. सर्वांत मोठी हत्तीण गाडीपाशी आली. तिने सोंडेने काच चाचपली. काच फुटली. फुलाफुलांचा पडदा बाहेर आला, तिने तो बाजूला टाकला आणि सोंड आत घालून टोपली ओढली. मग दुसऱ्या टोपलीसाठी तिने खांदा टेकला. गाडी कण्हली, कलली आणि शेतात आडवी झाली.

मुखरूभाऊंना एकदम उमगलं: आत पंखा असता, तर या वेळी ती दोघं त्या गाद्यांवर असती. त्यांनी रुखमाबाईंचा हात धरायला हात पुढे केला, पण त्या केव्हाच जाग्या होऊन दोन्ही हात जोडून बसल्या होत्या. पिल्लाने पडद्यात पाय अडकवून घेतला होता आणि हत्तीण तो शांतपणे सोडवत होती. रुखमाबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

कळप रानात मिसळून गेला.

ऊन वर आल्यावर मयुरीचा फोन आला. मुखरूभाऊंना काय सांगावं सुचेना, म्हणून त्यांनी तो बायकोच्या हाती दिला. एरवी 'जेवली का' एवढंच विचारून फोन परत देणाऱ्या रुखमाबाई बोलतच राहिल्या. हत्तिणीचे कान, तिची चाल, पिल्लाचा अडकलेला पाय, आणि पहाटेचा तो उजेड. मुखरूभाऊ शेतात आडव्या पडलेल्या गाडीकडे बघत बोलणी खायची आपली पाळी येण्याची वाट पाहत होते. ती आलीच नाही. शेवटी मयुरीनेच विचारलं असावं.

"गाडी?" रुखमाबाई जरा आठवू लागल्या. "हो, तेबी होती तिथी. पण हत्तीच्या मांगं होती ना, मले काई बरोबर दिसली नाई."