खरं सांगणारा माणूस पाहिजे

नाटक संपलं की रंगपटात जाऊन ओळखीच्या नटाला भेटावंच लागतं. न भेटता निघून जाणं म्हणजे नाटक पडल्याची दवंडी पिटणं. बरं, भेटून खरं बोलावं तर पुढचं काम जातं आणि खोटं बोलावं तर मन खातं. म्हणून या धंद्यातल्या शहाण्यांनी फार पूर्वी एक सुरक्षित भाषा तयार केली. 'वेगळा प्रयत्न आहे' म्हणजे झोप लागली. 'मेहनत दिसते' म्हणजे मेहनतच दिसते. 'नेपथ्य काय सुंदर!' याचा अर्थ सांगायला नको.

या भाषेत नटवर्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नटवर्य हे काही त्यांचं नाव नव्हे. उभी हयात रंगभूमीवर काढली आणि पडद्यावर न्यायाधीश आणि मुलीचा हळवा बाप पुन्हा पुन्हा केला, की लोक आपोआप तसं म्हणू लागतात. एका भिकार नाटकानंतर त्यांनी अवाक्षर न बोलता दिग्दर्शकाला नुसतं कवटाळलं होतं. त्या एका मिठीवर त्यांना पुढची तीन नाटकं मिळाली.

पण हळूहळू न्यायाधीशही तरुण हवेत असं ठरलं, आणि नटवर्य दिग्दर्शक झाले. सिनेमा केला. त्यात शेवटी नायक एका रस्त्याने चालत जातो. चाळीस मिनिटं चालतो.

"साहेब, हे चालणं ठेवायचं की कापायचं, ते या आठवड्यात सांगा," निर्माता म्हणाला. "माझी कशालाच ना नाही. फक्त हा पडला तर पुढचा मागू नका."

नटवर्यांनी ओळखीच्या मंडळींना बोलावून सिनेमा दाखवला. दिवे लागले. संकलक म्हणाला, "सर, रस्ता काय दिसलाय!" संगीतकार म्हणाला, "वेगळा प्रयत्न." आणि एका जुन्या मित्राने त्यांना अवाक्षर न बोलता कवटाळलं. नटवर्यांच्या अंगावर काटा आला. मिठी त्यांचीच होती.

आता काय करावं? माणसाचा धीर सुटला की तो समिती नेमतो. नटवर्यांनीही त्याच मंडळींतल्या नटांची 'निर्भीड अभिप्राय समिती' स्थापन केली. नियम क्रमांक एक : स्तुतीस सक्त मनाई. सदस्यांनी चित्रपट पुन्हा पाहिला आणि निर्भीडपणे सांगितलं, की दिग्दर्शकाचा दोष एवढाच, ते काळाच्या फार पुढे आहेत. नियम क्रमांक दोन : दोष ठोस असावेत. तेव्हा सदस्यांनी मध्यंतरातला चहा गार होता हे ठणकावून सांगितलं. नियम क्रमांक तीन : अभिप्राय पडद्याआडून, ओळख न देता द्यावा. सदस्य पडले नट. एकाने म्हाताऱ्याचा आवाज काढला, एकाने लाडिक बाईचा, एक तर घोगऱ्या आवाजात ओक्साबोक्शी रडला. सिनेमाबद्दल कोणी काही बोललं नाही. रडणाऱ्याने मात्र पडद्याआडून हळूच विचारलं, "सर, कसं वाटलं?"

"मेहनत दिसते," नटवर्य सवयीने बोलून गेले.

राहता राहिली बायको. ती रुग्णालयात परिचारिका होती. जखमेवरची पट्टी एका झटक्यात काढायची, मतही तसंच द्यायची. "अहो, आज फार ओरडलात." "रडताना तोंड फिरवा हो, नुसते दात दिसतात." दुसऱ्या दिवशी नटवर्य मुकाट्याने तोंड फिरवायचे आणि प्रेक्षक हुंदके द्यायचे. नटवर्य झाले ते असे, पण हे त्यांनी कुठल्याच मुलाखतीत सांगितलं नव्हतं. तिने सिनेमा पाहिला, चष्मा पुसला.

"अहो, ते चालणं काढा. पहिल्या पाच मिनिटांत तो कुठे निघालाय ते कळतं. नंतर मी उद्या भाजी काय करायची ते ठरवत बसले."

"कलेतलं काही कळतं का तुला?"

"नाही कळत. कंटाळा कळतो."

जे ऐकायला एवढी समिती नेमली, ते घरबसल्या फुकट मिळालं होतं. नटवर्यांनी तिथल्या तिथे नियम क्रमांक चार केला : कुटुंबातील व्यक्ती हितसंबंधित असल्याने तिचा अभिप्राय ग्राह्य धरला जाणार नाही. नियम मागील तारखेपासून लागू झाला. समितीची तातडीची बैठक भरली आणि चालणं आणखी दहा मिनिटं असावं, असा ठराव एकमताने संमत झाला.

पहिल्या खेळाला चित्रपटगृह गच्च भरलं होतं. नायक चालला, चालला, चालतच राहिला. शेवटी एकदाचा पडदा काळा झाला, आणि दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ पायात गोळा आला म्हणून उठून उभे राहिले. ते उभे राहिलेले पाहून मागचे उभे राहिले. आता आपण बसून राहिलो तर आपल्याला कळलं नाही असं दिसेल, या धास्तीने सगळं चित्रपटगृह उभं राहिलं. उभं राहिल्यावर हातांचं काय करायचं? टाळ्या सुरू झाल्या.

नटवर्यांना रडू आवरेना. घरी परतताना गाडीत ते म्हणाले, "बघितलंस?"

"छान झालाय हो," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली.

एवढ्या वर्षांच्या संसारात हे ती पहिल्यांदाच म्हणाली होती. त्यानंतर तिने कशाबद्दलच काही सांगितलं नाही. नटवर्यांना वाटलं, चला, हिलाही कला कळायला लागली.

आता हसू नका. तिसऱ्या रांगेत तुम्हीच होतात. बाहेर रिक्षा शोधताना 'डोकं उठवलं बुवा' असं तुम्हीच म्हणालात. त्याआधी तुम्ही नटवर्यांना भेटायला रांगेत उभे होतात. तुमची पाळी आली तेव्हा त्या माणसाने तुमचे दोन्ही हात धरून, अगदी काकुळतीने विचारलं होतं, "तुम्ही बाहेरचे. तुम्ही तरी खरं सांगा."

आणि तुम्ही विचारलंत, "पुढचा कधी?"

पुढच्याचं काम सुरू झालंय. यात दोघंजण चालतात.