फिक्स चाकाचे आप्पा

आप्पांशी बोलायचं म्हणजे माणसाला स्वतःभोवती फिरावं लागायचं. आपण रस्त्यात उभे आणि आप्पा सायकलवर आपल्याभोवती गोल गोल. घरातून निघाले की कारखान्याच्या फाटकापर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही, हा त्यांचा नेम. वाटेत ओळखीचं कोणी भेटलं तर थांबता येत नाही आणि बोलल्याशिवाय पुढंही जाववत नाही. मग घाला प्रदक्षिणा! तब्येतीची चौकशी आपल्या तोंडासमोर सुरू व्हायची, थोरल्याच्या परीक्षेचं पाठीमागून यायचं आणि "बरं हाय, येतू" हे कुठल्या कानाशी ऐकू येईल त्याचा नेम नसायचा.

बाजारात मेथीची पेंढीसुद्धा अशीच घासाघीस करून घ्यायचे. भाजीवाली मावशी एकदा कपाळाला हात लावून म्हणाली, "आप्पा, एका जागी हुबा ऱ्हा की रं बाबा, मला भवळ आली!" आणि सुटका व्हावी म्हणून तिनं मागितल्या भावात पेंढी देऊन टाकली. आप्पांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं, की हे आपल्या जिभेचं कसब.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या फिक्स चाकात होतं. तुमच्या-आमच्या साध्या सायकलीला मागं 'फ्री' असते. पायडल थांबवलं तरी चाक आपलं फिरत राहतं, उतारावर माणूस निवांत बसून वारा खातो. फिक्सला ती चैन नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायडल फिरतंय तोवर पाय फिरलाच पाहिजे. थांबायचं तर पाय उलटे दाबायचे, की सायकल जागच्या जागी आवळली जाते. म्हणून आप्पांच्या सायकलीला ब्रेक नव्हते. मडगार्ड नव्हतं, कॅरेज नव्हतं, घंटीही नव्हती. घंटीचं काम तोंडच करायचं, "सरा की बाजूला! रस्ता काय इकत घेतलाय व्हय?"

आप्पा मूळचे नेसरीचे. शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न मिस्त्री, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे नमुने करणारे. तरुणपणी सायकलच्या शर्यती मारायचे, तेव्हा फिक्स चाक जे पायाला लागलं ते पन्नाशी उलटली तरी सुटलं नाही. मी त्याच कारखान्यात टाइमकीपर आणि शिवाजी पेठेत त्यांच्या शेजारच्या बोळात राहायला. एवढ्या भांडवलावर त्यांनी मला फिक्सवाला केलं.

पहिल्याच दिवशी माझ्या पॅंटीचा पाय साखळीत गेला. साध्या सायकलीवर माणूस पाय थांबवतो आणि कापड सोडवतो. इथं पाय थांबतोय कशाचा! चाक फिरतंय, पॅंट आत चाललीय आणि आप्पा शेजारून ओरडतायत, "सोडू नगंस! मारत ऱ्हा!" मी मारत राहिलो. कारखान्यात पोहोचलो तेव्हा एक पाय पॅंटीचा आणि एक पाय अर्ध्या चड्डीचा होता. वेळेवर आल्याचा शिक्का मात्र माझ्याच हातानं मारला.

माणसांचीही त्यांनी वाटणी करून टाकली होती. कामसू माणूस फिक्स, बोलघेवडा माणूस फ्री. म्हादू आमच्यातलाच एक फिक्सवाला, भट्टीवर काम करायचा. आवाजही भट्टीसारखाच. त्याच्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा त्यानं आप्पांना मुद्दाम बसवून घेतलं. पाहुणे गेल्यावर आप्पा म्हणाले, "पोरगी देऊ नगंस. पोरगं फ्री हाय."

"कशावरनं?"

"चा प्यालं आन् कपबशी तितंच मांडीशी ठिवून उठलं. आई उचलंल, न्हायतर बायको उचलंल. उतारावरच बसायची सवं हाय त्येला."

पुढं त्या पोरानं वर्षात दोन नोकऱ्या सोडल्या. झालं! तेव्हापासून पेठेत सोयरीक जुळवताना लोक पत्रिका दाखवायच्या आधी पोरगं आप्पांना दाखवायला लागले.

आम्ही पाच-सहा जण रोज सकाळी तालमीच्या कट्ट्यापाशी जमायचो आणि शिरोलीपर्यंत एका रांगेत जायचो. आप्पा सगळ्यात पुढं. या रांगेला एकच कायदा होता. फ्री बसवली त्यानं दुसऱ्या दिवसापासून एकट्यानं जायचं. आमच्यातल्या एकाचे गुडघे दुखायला लागले म्हणून त्यानं गुपचूप फ्री बसवली. पुलाच्या उतारावर त्याचे पाय थांबलेले आप्पांनी पाहिले. "उद्यापासनं तू येगळा," एवढंच म्हणाले. तो बिचारा काही दिवस आमच्या मागून अंतर ठेवून येत राहिला आणि मग एसटीनं जायला लागला. आम्हाला वाईट वाटलं. पण आप्पांच्या तोंडाला तोंड कोण देणार?

आप्पांची बायको लग्नानंतर दोनेक वर्षांतच गेली. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. तालमीमागच्या एका खोलीत एकटेच राहायचे. कारखान्यात लाकूड आणि रंधा, खोलीत स्टोव्ह आणि रेडिओ. सकाळचा हा रांगेतला तासभर हाच काय तो त्यांचा संसार. रविवारी तर बघवायचं नाही. सुट्टी असूनसुद्धा कट्ट्यावर येऊन बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "सायकल करकरतीया, आन हिकडं, तेल सोडतो" म्हणून अडवायचे.

त्यांचा सगळ्यात लाडका म्हणजे याकूब. मोल्डर होता, साच्यात वाळू भरायचा. हाडापेरानं किडकिडीत आणि स्वभावानं अगदी गरीब. त्याला फिक्स शिकवली आप्पांनीच, त्याच्या लग्नात जेवायला वाढलं आप्पांनीच, आणि त्याला दिवसातून दहा वेळा गाढव म्हणायचा हक्कही त्यांचाच. याकूबला मुलगी झाली तेव्हा पेढे याकूबच्या आधी आप्पांनी वाटले. बाळ दुपट्यात पडल्या पडल्या लाथा झाडत होतं. आप्पा साऱ्या गल्लीला बोलावून दाखवत होते, "पाय बघा, पाय! घटकाभर थांबत न्हाईत. फिक्स हाय पोरगी, फिक्स!"

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. सोमवार होता. याकूब वेळेवर आला नाही. बाळ रात्रभर रडलं असेल म्हणून आम्ही निघालो. पण आप्पांचं त्या दिवशी काहीतरी बिनसलं होतं. पुढं जायचे, मागं बघायचे, परत वळून आमच्याभोवती एक फेरी मारायचे. "हे गाढव आलं न्हाय की आजून," हे तीन-चार वेळा झालं. आम्ही नाक्यावर चहाला थांबलो, आप्पा सायकलवरच टपरीभोवती फिरत होते, तेवढ्यात एक दूधवाला ओरडत आला, "तुमच्यातला एक पोरगा मोटारीवर आदळला बघा! पुलाच्या उताराला!"

चहा टाकून आम्ही सायकली वळवल्या. म्हादू सगळ्यात पुढं. कारवाल्याचं काय काय करायचं ते तो वाटेनं ओरडून ठरवत होता आणि आम्ही "व्हय, व्हय" म्हणत होतो. कारवाले म्हणजे माजलेले, सायकलवाला म्हणजे त्यांना किडामुंगी! एकेकाला आपले जुने अपमान आठवायला लागले. पुलाशी पोहोचेपर्यंत आमचा पार पलटणीसारखा आव झाला होता.

उतारावर रस्त्याच्या कडेला एक अँबॅसिडर उभी होती. मागं याकूब मातीत बसलेला, खांदा धरून. कपाळावरून रक्त. शेजारी त्याची सायकल, पुढचं चाक जिलबीसारखं झालेलं. आणि चष्मा लावलेले एक गोरेपान गृहस्थ त्याला आपल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी पाजत होते.

म्हादूनं त्यांची कॉलरच धरली. "काय पावणं! पोराला उडवताय? मोटार हाय म्हंजे काय डोळं न्हाईत व्हय?"

"अहो, मी कुठे उडवलं?"

"मग काय मोटार आपल्या मनानं आली?"

"मोटार आलीच नाही हो!" ते पुण्याकडचे वकील होते, रडकुंडीला आले होते. "जरा खाली बघता का?"

आम्ही खाली बघितलं. गाडी पंक्चर होती. मागचं एक चाक काढून रस्त्यावर आडवं ठेवलेलं, आणि गाडी जॅकवर.

तीन चाकांवर उभ्या असलेल्या मोटारीनं माणूस उडवला हे म्हादूलाही पटेना. पण धरलेली कॉलर एकदम सोडायची कशी? "मग जॅक रस्त्यात कशापायी लावला?" तो म्हणाला, पण आवाजात आता दम नव्हता.

"सोडा त्यांना," याकूब कण्हत म्हणाला. "माझीच चूक हाय. समोरनं बैलगाडी आली म्हनून थांबाय गेलो."

मग जे लोक गाडी फोडायला आले होते, त्यांनीच तिचं चाक बसवलं. म्हादूनं शिव्या देत देत नट आवळले. वकिलांनी याकूबला गाडीत घातलं आणि सरकारी दवाखान्याकडं नेलं.

सायकल उचलताना माझं लक्ष गेलं. हॅंडलला ब्रेक. दोन्ही बाजूंना, नवे कोरे. मी मागचं चाक उचलून पायडल उलटं फिरवलं. ते टकटक करत नुसतंच फिरलं. याकूबच्या सायकलीला फ्री!

आता सगळा उलगडा झाला. समोर बैलगाडी आल्यावर याकूबनं आमच्यापैकी कोणीही केलं असतं तेच केलं. जीव खाऊन पाय उलटे दाबले. फिक्स असती तर सायकल तिथंच आवळली असती. फ्रीवर पाय हवेत फिरले. हाताशी दोन दोन ब्रेक होते, पण इतक्या वर्षांत हाताला ब्रेक माहीतच नव्हता.

"याकूबनं फ्री बसवली?" म्हादू ओरडला. मी आप्पांकडं बघितलं. अशा वेळी त्यांनी पूल डोक्यावर घ्यायचा. आप्पा मोटार गेली तिकडं बघत होते. मग सायकलवर बसले आणि तिच्या मागं निघाले.

दवाखान्यात याकूबचा खांदा बांधला होता, कपाळाला टाके होते. हाड मोडलं होतं, पण जुळेल असं डॉक्टर म्हणाले. बायको बाळाला घेऊन उशाशी बसली होती. आप्पा भिंतीला टेकून उभे. त्यांना एका जागी इतका वेळ उभं राहिलेलं मी प्रथमच पाहत होतो, आणि सांगायला हरकत नाही, मला भीती वाटली.

पोरगा वाचलाय हे कळल्यावर म्हादूला कायदा आठवला. "याकूब, खरं सांग. फ्री कुनी बसवली?"

याकूबनं छताकडं बघितलं. "मीच. बायकू भ्याली हुती."

बायकोनं चमकून त्याच्याकडं पाहिलं.

"मग कायदा त्यो कायदा," म्हादू म्हणाला. त्यालाही ते जड जात होतं. "बरा झालास की तू एकटा यायाचं. आप्पांनीच केलेला कायदा हाय."

"खोटं बोलतंय गाढव!"

आप्पा भिंतीपासून पुढं आले. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "खोटं बोलतंय. शनवारी रातच्याला ह्येची सायकल मी तेल घालाय म्हनून नेली. फ्री मी बसवली. ब्रेक बी मीच. आज सकाळी निघायच्या आधी ह्येला सांगनार हुतो, तर हे उशिरा उठलं. आमी पुढं निघालो आन् मागनं ह्यानं माझ्या दारातनं सायकल उचलली." त्यांचा आवाज फाटला. "जन्मभर साऱ्या गावाला सांगत आलो, फ्री वंगाळ. आन् ज्येची काळजी वाटली त्येलाच दिली. म्हादू, आता कायदा मला लाव. उद्यापासनं मी येगळा."

आप्पा एकटे जाणार म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्यांना तर आमच्याहून जास्त.

"मला ठावं हुतं," याकूब हळूच म्हणाला. "पयला पाय मारला तवाच कळलं. म्हटलं, आप्पांनी काढली म्हंजे त्यांच्या मनात कायतरी आसंल."

"मनात काय आसायचंय? तुला लेकरू झालं. त्येनं बाप बघू ने व्हय?"

एवढं ऐकून म्हादू एकदम उसळला. मला वाटलं कायद्याचं बोलणार. "आन् आमास्नी लेकरं न्हाईत?" तो म्हणाला. "मला तीन हायत, आप्पा! ह्येचं एक झालं तर फ्री, आन् आमी काय मेलो तरी चालतंय?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढा भट्टीवरचा गडी, पण खरोखर रुसला होता.

"तुमच्या बी आनल्यात की!" आप्पा त्याच्यावर खेकसले. "खोलीत डब्यात हायत, जाऊन बघ. तुझी हाय, ह्या टाइमकीपरची हाय, समद्यांच्या हायत. एकदम समद्यांच्या बसवल्या आसत्या तर तुमी मला जित्ता सोडला आसता व्हय? म्हटलं एकेक रविवार काढावा."

आम्ही हसलो. वॉर्डातले दोन-तीन पेशंटही हसले. नर्स येऊन दटावून गेली. हसता हसता माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि तुमची, आप्पा?"

"माझी काय?"

"तुमच्या सायकलीची फ्री."

आप्पांनी टोपी काढली, परत घातली. "मला कशाला? माझी वाट बघनारं कोन बसलंय?" तक्रार नव्हती त्यात. मेथी महाग झाली म्हणावं तसं म्हणाले.

याकूब बांधलेल्या खांद्यासकट उठून बसला. जन्मात त्यानं आप्पांना उलट शब्द केला नव्हता. "कोन म्हंजे?" तो ओरडलाच. "थंडी न्हाय, पाऊस न्हाय, रोज सकाळी आमी समदी त्या कट्ट्यावर हुबी ऱ्हातोय, ती काय म्हशी राखायला?"

म्हादूनं मान हलवली. मीही हलवली. याकूबच्या बायकोनं पदर डोळ्याला लावला आणि बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडं आप्पांनी आळीपाळीनं बघितलं. खिडकीशी गेले, खाली कडुनिंबाला टेकवलेल्या आपल्या सायकलीकडं बराच वेळ बघत उभे राहिले. मग धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं आणि पाठमोरेच म्हणाले, "म्हादू, पाना आन जा."